मृत्यूची नोंद ठेवायला लावणारा माणूस

मुंबईहून कर्जतकडे जाताना नेरळ मागे पडले की भिवपुरी रोड स्टेशन येते आणि उजव्या-डाव्या हाताला डोंगर जवळ सरकू लागतात. पुढच्या कर्जत स्टेशनात लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, मागून बँकर इंजिने लागतात आणि गाडी बोरघाट चढू लागते. वडापाव घेण्यापुरता हा थांबा प्रवाशांच्या लक्षात राहतो. या घाटाच्या पोटात किती माणसे गेली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आला तरी त्याचे नेमके उत्तर मिळत नाही, कारण ती मोजलीच गेली नाहीत.

बोरघाटातील रेल्वेचे काम जानेवारी १८५६मध्ये सुरू झाले आणि १८६३मध्ये घाट खुला झाला. पावणेसोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१मध्ये एकाच वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत होती. सुरुंगाने उडालेले दगड, कड्यावरून दोरीला लोंबकळत घ्यायची भोके आणि दरडी यांनी माणसे मेलीच, पण त्याहून कितीतरी जास्त माणसे पटकीने, हगवणीने आणि हिवतापाने गेली. पालापाचोळ्याच्या झोपड्या, त्यात दाटीने राहणारी कुटुंबे आणि पिण्यासाठी, धुण्यासाठी, सगळ्यासाठी एकच ओढा. पटकीच्या जंतूला याहून सोयीची जागा सापडणार नाही. एकूण मृतांबाबत अभ्यासकांचे अंदाज वीस हजारांच्या पुढे जातात. अंदाज अशासाठी म्हणायचे की मजुरांची नावे कंपनीच्या नव्हे तर मुकादमाच्या डोक्यात होती. मजूर मेला की ते नाव तिथूनही पुसले जायचे.

त्या घाटातले एक नाव मात्र टिकले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले आणि काम तडीस नेले. रेल्वेच्या इतिहासात दोघांचीही नोंद आहे. त्याच हंगामात, त्याच घाटात, बहुधा त्याच पाण्याने मेलेल्या बाईमाणसांची नाही.

गंमत म्हणावी की दैव, पण घाटाचे काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५५मध्ये, हिंदुस्थानात प्राणघातक अपघातांविषयीचा एक कायदा झाला होता. दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या वारसांना दिवाणी दावा लावून भरपाई मागता येत होती. कागदावर हे सर्वांसाठी होते. दरडीखाली नवरा गेलेली बाई वकील कुठून आणणार, मालकाची चूक कशी सिद्ध करणार आणि निकाल लागेपर्यंत काय खाणार, याचा विचार त्यात नव्हता. मजुरांच्या दृष्टीने तो कायदा असून नसल्यासारखाच होता आणि तसाच तो जवळजवळ सत्तर वर्षे राहिला.

ही परिस्थिती बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांचे नाव मुंबईकरांच्या तोंडी रोज असते. मात्र रस्त्याचे नाव म्हणून. लोअर परळमधला जुना डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. तेच नारायण मल्हार जोशी.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. मुंबईच्या उपनगरातले नव्हे, माणगाव तालुक्यातले गोरेगाव. घरात वेदविद्येची परंपरा. शिक्षण पुण्यात झाले, डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि नंतर काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. मिरवण्यासारखे काही नाही. त्या काळच्या कोकणी ब्राह्मण मुलाचा हा ठरलेला रस्ता होता आणि तो पेन्शनीत संपायचा. १९०९मध्ये, तिशीत असताना, त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. तिथल्या सभासदाला जेमतेम उदरनिर्वाहापुरते मानधन मिळे आणि बाकी आयुष्य कामाला द्यावे लागे.

काम कोणते, हे मुंबईने ठरवले. १८९६च्या प्लेगच्या साथीला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती आणि गिरणगावातल्या चाळी होत्या तशाच होत्या. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, अंधारी जिने, सामाईक नळ आणि तुंबलेली मोरी. १९११मध्ये जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था सुरू केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, स्वच्छतेवरची व्याख्याने असा तिचा पसारा वाढत गेला. १९१८मध्ये इन्फ्लूएन्झाची साथ मुंबईवर कोसळली तेव्हा वस्त्यांमध्ये औषधे आणि मदत पोहोचवणाऱ्या संस्थांत लीगही होती. आज ज्याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते जोशी चाळींचे जिने चढून शिकले. डॉक्टर नसलेल्या माणसाचे हे शिक्षण पुढे कायदेमंडळात कामी आले. गिरणीतला माणूस कसा मरतो, हे त्यांना अहवालातून वाचावे लागत नव्हते.

याच वर्षांत भिवपुरीच्या वरच्या डोंगरात एक मोठे काम चालू होते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झाले होते. त्यापाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधून ते पाणी बोगद्यातून घाटमाथ्याच्या कडेला आणायचे आणि जाड पोलादी नळांतून खाली भिवपुरीच्या केंद्रात सोडायचे, अशी टाटांची योजना होती. १९२२मध्ये भिवपुरीची वीज मुंबईकडे निघाली आणि परळ-लालबागच्या गिरण्या घाटातल्या पाण्यावर चालू लागल्या. कर्जतकरांना हे केंद्र भिवपुरी कॅम्प म्हणून परिचयाचे आहे आणि त्याच्या तारांचे मनोरे भाई कोतवालांच्या १९४२च्या लढ्यामुळे. इथे मुद्दा वेगळा आहे. ज्या वर्षी ही वीज सुरू झाली, त्या वर्षी बोगद्यात, मनोऱ्यावर किंवा गिरणीच्या पट्ट्यात सापडून माणूस मेला तर त्याच्या बायकोला हक्काने एक पैसाही मागता येत नव्हता. मालकाने माणुसकी दाखवली तर ठीक, नाहीतर अंत्यविधीलाही वर्गणी.

१९१९मध्ये पहिले महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. तेव्हा देशपातळीवरची कामगार संघटनाच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे निवडणार कोण आणि कोणाला, हा प्रश्नच होता. ही उणीव पुढच्याच वर्षी भरून निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जोशी होते आणि १९२५पासून ते तिचे सरचिटणीस झाले.

१९२१मध्ये त्यांना मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमण्यात आले. नेमणूक सरकारी, म्हणून विरोधकांना त्यांच्यावर टीका करणे सोपे होते. मतदारसंघ नाही, पक्ष नाही, मागे बसणारे सभासदही फारसे नाहीत. ते मात्र पंचवीसएक वर्षे तिथे टिकून राहिले आणि कामगारांशी संबंधित जवळजवळ प्रत्येक विधेयकावर बोलले. आल्या-आल्या त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव मांडून मंजूर करून घेतला. त्यातून पुढे १९२६चा ट्रेड युनियन कायदा झाला.

पण डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा त्याआधीचा आहे. मार्च १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४पासून तो लागू झाला. विधेयक सरकारचे होते. ते एकट्या जोशींनी घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि ते स्वतःही तसे म्हणणाऱ्यांतले नव्हते. वॉशिंग्टनची परिषद, युद्धानंतरचे संप आणि गिरण्यांतली अस्वस्थता या सगळ्यांचा रेटा त्यामागे होता. मात्र सभागृहात त्या विधेयकाकडे कामगाराच्या बाजूने पाहणारा आवाज मुख्यतः त्यांचा होता.

या कायद्याने केलेला मूळ बदल साधा आहे. भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कामामुळे आणि काम करत असताना अपघात झाला, एवढे पुरेसे ठरले. दावा दिवाणी कोर्टात नव्हे, तर त्यासाठीच नेमलेल्या आयुक्तांपुढे चालणार होता. प्रौढ कामगाराचा मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. महिना वीस रुपये मिळवणाऱ्याच्या घरी सहाशे रुपये येणार. पोरसवदा कामगार मेला तर सरसकट दोनशे. कायमचा पूर्ण अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, यांत जे कमी ते.

जगलेल्याला मेलेल्यापेक्षा जास्त, हे पाहून आज नवल वाटते. हिशेब असा की पंगू झालेल्या माणसाच्या ताटात अजून अन्न वाढावे लागते. कोरडा पण बरोबर हिशेब आहे.

कायद्यातली दोन कलमे घाटाच्या इतिहासाच्या संदर्भात वाचण्यासारखी आहेत. एकानुसार कामगार कंत्राटदाराचा असला तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चालले आहे त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. मालकाने मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. बोरघाटात कंपनी, कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा उतरंडीत मजुराचे मरण कुठे हरवले होते, ते आठवले की या कलमाचे मोल कळते. दुसऱ्यानुसार मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हातावर ठेवायची नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची. पन्नास रुपयांवर अंगठा घेऊन प्रकरण मिटवण्याचा रस्ता त्याने बंद झाला, निदान कागदावर तरी.

मग डॉक्टरांचा भाग. कायद्याला एक तक्ता जोडला होता: कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असे धरायचे. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून किंवा त्यावरून गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १० आणि तर्जनीशिवाय दुसरे बोट गेले तर ५. आजही अस्थिव्यंगाचे प्रमाणपत्र देताना डॉक्टर असेच टक्के लिहितात, त्याची हिंदुस्थानातली एक सुरुवात इथे आहे. तक्ता ढोबळ होता. डावखुऱ्याचा डावा हात गेला तर काय, साचेखात्यात धागा जोडणाऱ्याचे बोट आणि हमालाचे बोट सारखेच का, असे प्रश्न लगेच पडतात. परंतु ढोबळ तक्त्यालाही एक गुण असतो. तो वाचून दाखवता येतो. निरक्षर कामगाराला युनियनचा कार्यकर्ता सांगू शकत होता की तुझ्या अंगठ्याचे इतके होतात, त्याहून कमीवर सही करू नकोस.

दुसरी यादी होती धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची. ती अगदी आखूड होती: अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. छापखान्यात खिळे जुळवणारा, रंगकाम करणारा, लोकर आणि कातडी हाताळणारा कामगार यात येत होता. शिवाय अट अशी की त्याने त्याच मालकाकडे त्या कामावर सलग सहा महिने तरी काढलेले असावेत. दर हंगामात मुकादम बदलणाऱ्या मजुराला ही अट पुरी करणे कठीणच.

या यादीत फुप्फुसांचे रोग नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. दगड फोडणाऱ्याच्या छातीत सिलिका साठून होणारा सिलिकोसिस त्यात नव्हता. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही नव्हता. घाटातल्या बोगद्यांपुरते सांगायचे तर सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक या बाबतीत त्यातल्या त्यात बरा. त्यात मुक्त सिलिकाचे प्रमाण फार कमी असते. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत किंवा राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणीत मजुरांची फुप्फुसे जशी दगडासारखी कडक होतात तशी इथे त्या प्रमाणात होत नसावीत. गिरण्यांचे मात्र तसे नव्हते. पिंजण आणि कार्डिंग खात्यात बारीक तंतू हवेत तरंगत असत. बिसिनोसिसचे वैशिष्ट्य असे की रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, मग आठवड्यात थोडे बरे वाटते. काही वर्षांनी सगळेच दिवस सोमवारसारखे होतात. असा कामगार शेवटी गावी जातो आणि कोकणातल्या आपल्या पडवीत खोकत मरतो. गिरणीच्या दप्तरात त्याच्यापुढे नोकरी सोडली, एवढीच नोंद राहते.

हातपाय तुटणे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याचा कायदा आधी झाला. हळूहळू येणाऱ्या मृत्यूचे काम आणि आजार यांच्यामधले नाते जोडून दाखवावे लागते. ते जोडण्याचे काम डॉक्टरांचे आणि त्या काळी ते फारसे कोणी करत नव्हते. दोष एकट्या कायदेमंडळाला देता येत नाही. सिलिकोसिस आणि बिसिनोसिस यादीत यायला पुढे बराच काळ जावा लागला.

१९२४मध्ये जोशींनी आणखी एक विधेयक आणले. कारखान्यात आणि खाणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर रजा व भत्ता मिळावा, अशी मागणी त्यात होती. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांताने १९२९मध्ये असा कायदा केला, तो देशातला पहिला ठरला. बाळंतपणात दगावलेली गिरणी कामगार स्त्री कामावर मेली असे कोणी म्हणत नाही. पण अखेरच्या आठवड्यापर्यंत साच्यावर उभ्या राहणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईचा मृत्यू कामापासून किती अंतरावर ठेवायचा, हा वैद्यकीय प्रश्न आहेच. जोशींना तो वीस-तीस वर्षे आधी दिसला होता.

१९२६मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन उभी केली. वर्गणीदार, हिशेब, कचेरी असलेली शिस्तीची संघटना. दोन वर्षांतच १९२८च्या प्रचंड संपात गिरणी कामगार डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लाल बावट्याकडे मोठ्या संख्येने वळले. जोशींची अर्ज-विनंत्यांची, कलमे-उपकलमांची पद्धत तरुणांना मवाळ वाटू लागली. १९२९मध्ये ब्रिटिश सरकारने जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली श्रमविषयक शाही आयोग नेमला आणि जोशींनी त्याचे सभासदत्व स्वीकारले. सायमन कमिशनची जखम ताजी होती. त्या वर्षअखेरीस नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेसने आयोगावर बहिष्कार टाकण्याचा निर्णय घेतला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. आपणच स्थापन केलेल्या संघटनेतून बाहेर पडणे त्यांना सोपे गेले नसणार.

त्यांचे चुकले का? राजकारणाच्या अंगाने आजही वाद घालता येईल. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर उत्तर कमी अवघड आहे. १९३१मध्ये आलेला त्या आयोगाचा अहवाल कामगारांची घरे, आजारपण, कर्जबाजारीपणा आणि अपघात यांच्या तपशिलाने भरलेला आहे. त्याच्या आधारे १९३३मध्ये भरपाईच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आधी दुखापतीनंतरचे पहिले दहा दिवस बिनभरपाईचे असत, ते सात झाले. पण सर्वांत मोलाची भर वेगळी होती. कामगाराचा कामावर मृत्यू झाला आहे असे कळल्यावर आयुक्तांना स्वतःहून मालकाला नोटीस देऊन खुलासा मागण्याचा अधिकार मिळाला: मृत्यू कशाने झाला, आणि भरपाईची जबाबदारी मान्य आहे की नाही. त्याआधी विधवेने दावा केला तरच यंत्रणा हलत असे. आता तिला माहीत नसले, ती गावी असली, तरी सरकारी टेबलावर एक कागद तयार होणार होता आणि त्यावर मृताचे नाव लिहावे लागणार होते.

सत्तर वर्षांपूर्वी बोरघाटात हा कागद नव्हता. असता तर पटकीच्या मृत्यूंबद्दल तो काय म्हणाला असता, हाही प्रश्नच आहे. दरडीखालचा मृत्यू अपघात ठरला असता. ओढ्याचे पाणी पिऊन झालेल्या मृत्यूला कंपनीने देवाची करणी म्हटले असते. जंतू सापडला नव्हता. कॉखला तो १८८३-८४मध्ये सापडला. पाण्याचा संबंध लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४मध्येच दाखवला होता, पण तो तिथेही फारसा कोणी मानत नव्हते. पटकीचा रोगी मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. साखर-मीठ-पाण्याच्या प्रमाणशीर मिश्रणाने यातले बहुतेक वाचतात, हे १९७१मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. घाटातल्या हजारो झोपड्यांत मीठ होते, गूळ होता आणि सरपणही होते. माहिती नव्हती.

जोशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा एकत्र झालेल्या ट्रेड युनियन काँग्रेसचे १९४०पासून १९४८पर्यंत सरचिटणीस होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कारभारी मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले. आजारपणाचा विमा ही कामगार चळवळीची आणि व्हिटली आयोगापासूनच्या चर्चेतली जुनी मागणी. ती प्राध्यापक आडारकरांच्या १९४४च्या अहवालानंतर आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असतानाच्या तयारीनंतर १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात उतरली. ज्या कामगारांना ईएसआय लागू आहे त्यांच्या कुटुंबांना आता एकरकमी भरपाईऐवजी दरमहा अवलंबितांचा लाभ मिळतो. एकरकमी पैसे सावकार आणि नातेवाईक मिळून वर्षभरात संपवतात, हा अनुभव त्यामागे होता.

३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले. पंचाहत्तरी पार केलेला, स्वतःच्या नावावर फारसे काही न ठेवलेला माणूस. पुतळ्यापेक्षा त्यांना रस्ता मिळाला हे एका अर्थी योग्यच झाले. निदान गिरणी कामगारांच्या बीडीडी चाळी त्या रस्त्यावर होत्या.

दरवर्षी २८ एप्रिलला जगभरच्या कामगार संघटना कामावर प्राण गमावलेल्यांचे स्मरण करतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना हाच दिवस २००३पासून कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांसाठी पाळते. ज्या संघटनेच्या पहिल्या बैठकीत जोशी बसले होते, तीच ही. काही देशांत त्या दिवशी मृतांची नावे एकेक करून वाचली जातात. कर्जत-खालापूर पट्ट्यात असे वाचन करायचे ठरवले तर घाटापासून सुरुवात करता येणार नाही, नावेच नाहीत. अलीकडची मात्र मिळू शकतील.

ती मिळण्याची जागा सरकारी रुग्णालय. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतून, इमारतींच्या कामांवरून, वीटभट्ट्यांवरून, टाकी साफ करायला उतरलेल्या माणसांपर्यंत सगळे आधी तिथेच येतात, जिवंत किंवा मृत. १९२३चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे, पण भरपाईचा गाभा तोच आहे: काम करत असताना आणि कामामुळे. हे दोन्ही सिद्ध करायला कुटुंबाकडे बहुधा तीनच कागद असतात. पोलिसांचा पंचनामा, अपघात विभागातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल.

म्हणून सोबत आलेल्या माणसाने काही गोष्टी बोलून दाखवायला हव्यात आणि डॉक्टरांनी त्या विचारायला. अपघात कुठे झाला, किती वाजता, मृत व्यक्ती नेमके काय करत होती, कोणाच्या कामावर होती आणि कंत्राटदार कोण. बंद टाकीत गुदमरून मेलेल्याच्या कागदावर नुसते बेशुद्ध अवस्थेत आणले असे लिहिले तर पुढे टाकीचा पुरावा उरत नाही. उन्हात स्लॅबवर कोसळलेल्याचे अंगाचे तापमान मोजून लिहिले नाही, तर उष्माघाताचा मृत्यू हृदयविकाराचा होऊन बसतो. कुटुंबाने या कागदांच्या प्रती मागून घ्याव्यात, त्या त्यांच्या हक्काच्या आहेत, आणि दावा मुदतीत करावा. मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांची ही मुदत शोकात सहज निघून जाते. कामगार परप्रांतातला असेल तर गावी जाण्याआधी निदान अर्जावर नाव, गाव आणि वारस एवढे तरी पडायला हवे.

मृत्यूच्या दाखल्याच्या फॉर्मवर व्यवसायाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा मजुरी एवढाच शब्द लिहिलेला असतो, आणि काही वेळा तेही नाही, नुसती आडवी रेघ.